शेजाऱ्याचं ‘आहे’

१

बस सुटायच्या आधी सहलीच्या लीडरबाई पुढच्या पायरीवर उभ्या राहायच्या, नारिंगी छत्री काखेत मारून, आणि बसलेल्या घशाने ओरडायच्या, “शेजार?”

की सगळ्यांनी आपापल्या शेजारी बघायचं आणि म्हणायचं, “आहे!” ओळीओळीने, पुढून मागे. आधी खिडकीतल्याने आतल्याचं म्हणायचं, मग आतल्याने खिडकीतल्याचं. डोकी मोजणं लीडरबाईंना पसंत नव्हतं. “डोकी मेंढरांची मोजतात,” त्या म्हणायच्या. “आणि स्वतःचं ‘आहे’ स्वतः म्हणायचं नाही हं! ते काय, कोणीही म्हणेल. शेजारच्याने म्हटलं तर तुम्ही आहात. नाही तर नाही!”

यावर सगळी बस हसायची. रोज, त्याच ठिकाणी, तितकीच. म्हातारी माणसं एकदा सापडलेला विनोद कवळीसारखा रोज धुऊन वापरतात.

सगळ्यात मोठ्याने हसायचे ते बाबा. बसमध्ये चढले की आधी बूट काढायचे, मग एक पाय सीटवर दुमडून घ्यायचे, मग पिशवीतून शेंगदाणे. सालं स्वेटरवर, डोक्यावर टोपी, अंगाला गुडघ्याच्या मलमाचा वास, आणि मधूनमधून तो खोकला, ज्याला दार आपटल्यासारखा आवाज होता. त्यांच्या शेजारी, खिडकीत, कपाळ काचेला टेकवून त्यांचा मुलगा बसायचा. दाढीवाला, सहा फुटी, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. त्याला बाबा पिल्ल्या म्हणायचे. आता सगळी बसच म्हणायला लागली होती.

“पिल्ल्या, कॉलेज अर्धवट सोडलंस,” पुढच्या सीटवरच्या रिटायर मास्तरीणबाई मान वळवून म्हणाल्या होत्या, “निदान सहल तरी पुरी कर हो.”

बाबा यावरही हसले होते. पिल्ल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

२

खरं तर त्याला यायचंच नव्हतं. आई गेल्यावर बाबांच्या शेजारची सीट रिकामी झाली, आणि ताईने ठरवून टाकलं की ती पिल्ल्याने भरायची. “तुला तरी कुठे काय काम आहे?” हे तिचं एकमेव कारण.

निघायच्या आधी घरी यावर रीतसर भांडण झालं.

“ग्रुपबरोबर जाणं म्हणजे जाणं नाही, बाबा. ते नेणं असतं. छत्रीमागून चालायचं, छत्री थांबली की थांबायचं. स्वतःचं स्वतः जावं. वाटेल तिथे वळावं. हरवावं.”

“हरवावं?”

“हरवायलाच तर जायचं असतं.”

बाबांनी यावर बराच वेळ विचार केला, जो ते सहसा करत नसत. मग म्हणाले, “पण हरवलास हे कोणाला तरी कळायला हवं ना रे. एकट्याचं हरवणं कळणार कोणाला?”

पिल्ल्याला हे उत्तर बावळटपणाचं वाटलं. बाबांची बहुतेक उत्तरं त्याला तशीच वाटायची.

सहलीत आल्यावर बॅगेच्या चेनमध्ये त्याचा अंगठा सापडला, कातडं निघालं. नाश्त्याला हॉल भरलेला असताना बाबांनी त्याचा हात ओढून घेतला, जखमेवर फुंकर मारली आणि पाकिटातून एक पट्टी काढून चिकटवली. पट्टीवर पिवळी बदकं होती. पिल्ल्या बालवाडीत असताना आणलेल्या डब्यातल्या उरलेल्या पट्ट्या या माणसाने पाकिटात जपून ठेवल्या होत्या. “लहानपणी बदकं दिसली की रडणं बंद व्हायचं याचं,” बाबांनी शेजारच्या टेबलाला सांगितलं, मग त्यापलीकडच्यालाही. कॉफी ओतणारी मुलगी हसली.

खोलीत परत आल्यावर तो बाबांना म्हणाला. अगदी शांतपणे, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला, म्हणजे नंतर रागात बोललो असं म्हणता येऊ नये.

“बाहेर मला हाक मारत जाऊ नका. लोकांसमोर ओळख दाखवू नका. दिसलो तर दिसलो. बघायचं नाही.”

बाबा गुडघ्याला मलम चोळत होते. “बरं,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “खूणसुद्धा करायची नाही?”

“नाही.”

“बरं.”

पिल्ल्याने हात धुतले. साबण पट्टीखाली शिरून झणझणीत झोंबला.

३

ते एका बड्या घराण्याचं राहतं घर होतं, आता संग्रहालय झालेलं. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा खोल्या, भिंतींना हिरवा फुलाफुलांचा कागद, आणि पलंग-खुर्च्यांसमोर जाड लाल दोर. आवाज करू नका अशी पाटी दर खोलीत. ग्रुप पुढे सरकला तसा पिल्ल्या मुद्दाम मागे राहिला. एका खोलीत तो अगदी एकटा होता, आणि या सहलीत पहिल्यांदाच आपण खरोखर कुठेतरी आलो आहोत असं त्याला वाटलं.

“पिल्ल्याऽऽ!”

बाबा दोराच्या पलीकडे होते. त्या बड्या घराण्याच्या खुर्चीत. बूट काढून, दुखरा गुडघा लांब करून. “जरा टेकलो रे! काढ, काढ फोटो! तुझ्या आईला—” आणि तिथे ते थांबले, कारण आईला दाखवायचा फोटो आता काढता येणार नव्हता हे त्यांना नेहमी वाक्याच्या मध्यात आठवायचं.

दोन्हीकडच्या दारांतून लोक आत आले. परके, नीटनेटके, हळू बोलणारे, बहुतेक एकेकटे फिरणारे. पिल्ल्याला जसं व्हायचं होतं तसे. त्यांनी खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या भोक पडलेल्या मोज्याकडे पाहिलं, मग पिल्ल्याकडे.

राखाडी कोटातला पहारेकरी आला. तो चिडलेला नव्हता. त्याने खुर्चीकडे बोट केलं आणि पिल्ल्याला हळू आवाजात विचारलं, “हे तुमच्यासोबत आहेत का?”

बाबा बघत होते. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी गंमत होणार आहे असा चेहरा.

“नाही,” पिल्ल्या म्हणाला. “माझ्यासोबत नाहीत.”

“नक्की?”

“नाहीत म्हटलं ना.”

पहारेकऱ्याने मान हलवली. बाबा उठले, बूट हातात घेतले. पहारेकऱ्याने त्यांचा कोपर अलगद धरला आणि भिंतीतलं एक दार उघडलं. त्या दारालाही तोच हिरवा कागद होता, त्यामुळे ते आधी दिसलं नव्हतं. आत अंधार नव्हता, काही नव्हतं. नुसती आणखी एक खोली असावी. दार मिटलं तशी फुलं एकमेकांना जुळली.

लोक पांगले. पिल्ल्याचे कान तापले होते. असू दे, त्याने स्वतःला सांगितलं, मागच्या वाटेने बाहेर काढतील, दोन शब्द सुनावतील. एकदा तरी कळू दे.

४

बसमध्ये तो काचेला कपाळ लावून बसला. जरा वेळाने शेजारची सीट दबली. पिल्ल्याने मान वळवली नाही. कोणत्या तोंडाने वळवणार? पहिलं वाक्य काय म्हणायचं ते सुचेपर्यंत पार्किंगमधली चिमणी बघत राहू, असं त्याने ठरवलं.

“शेजार?”

“आहे!” “आहे!” आवाज ओळीओळीने मागे येत गेला.

“आहे,” पिल्ल्या काचेला म्हणाला.

मग शेजारून, त्याच्यासाठी, “आहे.”

आवाज बाबांचाच होता. फक्त जितका लागतो तितकाच होता. बाबांचं ‘आहे’ ड्रायव्हर दचकेल इतकं मोठं असायचं.

बस निघाली, शहर संपलं, झाडं सुरू झाली. शेंगदाण्याची पिशवी कुरकुरली नाही. खोकला आला नाही. रागावलेत, पिल्ल्याला वाटलं. रागावणारच. बऱ्याच वेळाने त्याने मान न हलवता नजर खाली टाकली, आणि शेजारचे पाय पाहिले.

दोन्ही पाय खाली होते, जवळजवळ, नीट. बूट घातलेले. नाड्या बांधलेल्या.

आणि मलमाचा वास नव्हता. कुठलाच वास नव्हता. सीटवर कोणी बसलं की हवा थोडी बदलते, तशीही ती बदलली नव्हती.

५

“तुझे बाबा आज किती शहाण्यासारखे वागतायत!” संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात मास्तरीणबाई म्हणाल्या. “काय केलंस रे?”

“मी? काही नाही.”

“मग असंच काही नाही करत जा.”

खोलीत बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. टोपी तीच. स्वेटर तोच, त्यावर एकही साल नाही. ते शर्टांच्या घड्या घालत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून. आयुष्यात या माणसाने शर्टाची घडी घातली नव्हती. आई घालायची, मग कोणीच नाही.

“बाबा, सकाळचं ते...”

“असू दे रे,” ते हसून म्हणाले. हसण्याचा आवाज आला नाही.

पिल्ल्या तोंड धुवायला गेला. नळ जोरात सोडून आरशात बघत उभा राहिला. डोकं चालव, तो स्वतःला म्हणाला. माणूस दुखावला की गप्प होतो. तू सांगितलंस तसं वागतो आहे तो. तुला हवा होता तसा बाप तुला मिळाला. त्याने साबण लावला, हात खसखसून धुतले. कुठेच काही झोंबलं नाही.

बाहेर येऊन तो दारातच थांबला आणि त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं ठरवलं. साधी गोष्ट. बघायचं, म्हणजे कळेल.

त्याने बघितलं. नाक. कानावरचे केस. डाव्या गालावर एक तीळ. तीळ होता का? तो आठवत राहिला. खोकला आठवला, भोक पडलेला मोजा आठवला, लाज वाटायला लावणारी एकूण एक गोष्ट तपशिलासकट आठवली. पण आपल्या बापाच्या गालावर तीळ आहे की नाही, हे त्या पोराला सांगता येईना. इतक्या वर्षांत त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. बघवत नाही म्हणून आधीच नजर वळवायची, ही सवय.

फोन वाजला. ताई. बाबा तिच्याशी बोलले, बरंचसं ऐकूनच घेतलं, आणि फोन परत दिला.

“किती गोड बोलले रे आज,” ताईचा आवाज भरून आला होता. “मधे मधे तोडलं नाही, काही नाही. मी इतकं बोलले त्यांच्याशी! ग्रुपबरोबर गेलं की माणूस निवळतो बघ.”

“ताई, बाबांच्या गालावर तीळ आहे का?”

ती म्हणाली, “असा काय विचारतोस?” आणि बराच वेळ उत्तर आलंच नाही. तिलाही माहीत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ होता. ज्याला जिथे हवं तिथे जा, लीडरबाई म्हणाल्या. यावर सगळी म्हातारी मंडळी घाबरून हॉटेलच्या लॉबीतच बसून राहिली.

पिल्ल्या एकटा निघाला. याचसाठी तर त्याचा सगळा जीव जात होता. बस स्टॉप स्वतः शोधला, कालच्या शहराचं तिकीट स्वतः काढलं, वाटेल तिथे वळला. रस्त्यात कोणी हाक मारली नाही, कोणी वळून पाहिलं नाही. दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. या माणसाला आत्ता मोटारीने उडवलं, तर हा कोणाचा हे कोणाला कळेल, असं त्याच्या मनात आलं. विचार बाबांचा होता. त्याने तो झटकला आणि पावलं उचलली.

ती हिरवी खोली सापडली. खुर्ची दोराआड. त्याने भिंतीवरून हात फिरवला. एक फूल, दुसरं फूल, पान, परत फूल. फट लागेना. पहारेकरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता.

“काल एक वयस्कर गृहस्थ होते,” पिल्ल्या म्हणाला. “खुर्चीत बसले होते. तुम्ही त्यांना इथून नेलंत. कुठे नेलंत?”

पहारेकऱ्याने त्याला ओळखलं. हरवलेली छत्री विचारायला आलेल्याशी बोलावं तसा तो बोलला.

“तुमच्यासोबत नव्हते ना? मग ज्यांच्यासोबत होते, त्यांच्याकडे दिले.”

“कोणाकडे?”

“होतं की कोणीतरी. दाराशीच थांबलं होतं. विचारलं, तर लगेच हो म्हणाले.” त्याने जरा आठवून बघितलं. “मोठ्यानेच म्हणाले. ओरडू नका, असं सांगावं लागलं मला.”

पिल्ल्याला काहीतरी आणखी विचारायचं होतं. पण खोलीत दोघंतिघं हलक्या पावलांनी आली होती, आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सवयीने त्याचा आवाज आपोआप उतरला, आणि मग बंदच झाला.

७

हॉटेलसमोरच्या पार्किंगमध्ये बसगाड्या दाटीने उभ्या होत्या. नारिंगी छत्रीपाशी आपली मंडळी गोळा होत होती. बाबा त्यांच्यात होते, हात मागे बांधून, कोणाला धक्का लागणार नाही असे.

पिल्ल्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “मला हाक मारा.”

“काय?”

“हाक मारा मला. पिल्ल्या म्हणून. इथे, मोठ्याने.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि समजूतदारपणे आवाज खाली आणला. “इतक्या लोकांत? नको. तुला लाज वाटेल.”

त्याच वेळी शेजारची गाडी मागे यायला लागली. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपची, पुढच्या काचेआड निळी छत्री. तिच्या खिडक्या एकेक करत पिल्ल्यासमोरून सरकू लागल्या. एका खिडकीत सीटवर दुमडलेला पाय होता. भोक पडलेला मोजा. वर टोपी नसलेलं टक्कल, शेंगदाणे चावणारा जबडा, आणि हसणं. काचेआडून आवाज येत नव्हता, पण किती मोठं ते दिसत होतं.

बाबांनी त्याला पाहिलं.

हात वर निघालाच होता. तोंड ‘पि’साठी मिटलं होतं. आणि मग त्यांना आठवलं. ते चेहऱ्यावर आठवताना दिसलं. त्यांनी तोंड उघडलं नाही, नजर समोर घेतली, सांगितलेलं ऐकणाऱ्या पोरासारखी. फक्त काचेच्या अगदी खालच्या कडेला, कोणाला दिसू नये अशी, दोन बोटं हलली.

एक हाक मारायची होती. ‘बाबा’ एवढीच. पार्किंग भरलेलं होतं, दोन्ही ग्रुपची माणसं, ड्रायव्हर, बॅगा ओढणारे. पिल्ल्याने श्वास घेतला आणि, कोणाला खरं वाटणार नाही, त्याने आधी आजूबाजूला पाहिलं.

तेवढ्यात खिडकी अर्धी पुढे गेली होती. तेव्हा त्याला बाबांच्या शेजारचं कोणीतरी दिसलं. चेहरा नाही. दाढीची एक कड, बाबांकडे झुकलेला खांदा, आणि शेंगदाणे सोलून बाबांच्या तळव्यावर ठेवणारा एक हात. हाताच्या अंगठ्यावर पट्टी होती. पट्टीवर पिवळी बदकं.

“बाबा!” पिल्ल्या ओरडला. पार्किंगमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

गाडी वळणावरून गेली.

“काय रे?” त्याच्या खांद्यामागून, अगदी हळू, कोणीतरी म्हणालं.

८

“आज मी बसतो खिडकीत,” ते म्हणाले, आणि बसले. बूट बांधलेले, पाय जवळजवळ.

पिल्ल्या आतल्या सीटवर टेकला. उठून ओरडायला हवं होतं. गाडी थांबवा, माझा बाप त्या गाडीत आहे. मग सगळे विचारतील, हे कोण? मग सांगायचं, हे माझ्यासोबत नाहीत. हेच वाक्य त्याला परत म्हणावं लागणार होतं, आणि पहिल्यांदा म्हटलं त्याचं काय झालं ते त्याच्या शेजारी बसलं होतं. आणि हे बाबाच असले तर? दुखावलेले, शब्द पाळणारे? एका बापाला दोनदा नाकारायचं, तेही अख्ख्या बससमोर?

“शेजार?”

“आहे!” “आहे!” “आहे!”

आवाज ओळीओळीने जवळ आला. खिडकीतल्याने आधी म्हणायचं असतं, पण त्यांनी हात केला. आधी तू.

पिल्ल्या बोलला नाही. लीडरबाईंनी मान उंच केली. “पिल्ल्या? बाबा आहेत ना?”

“अरे बोल की,” मास्तरीणबाई वळल्या. “धडधडीत बसलेत समोर! मघाशी बोंबलत होतास, आता तोंड शिवलं का?”

कोणीतरी हसलं. सगळ्या माना त्याच्याकडे होत्या. कान तापले, मान तापली, आणि त्या धगीत त्याला एवढंच कळलं की हे सगळं लवकर संपायला हवं.

“आहे,” तो म्हणाला.

बस हसली. त्याने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. स्वतःचाच हात त्याच्या डोळ्यांसमोर होता. अंगठ्यावर पट्टी नव्हती. ती केव्हा निघाली, ते त्याला आठवेना. त्याने अंगठा उजेडाकडे वळवला, कातडं दाबून पाहिलं. ते गुळगुळीत होतं. खरचटल्याची खूण नाही, खपली नाही. चेनमध्ये सापडलेला अंगठा हा नव्हताच.

“आणि पिल्ल्याचं?” लीडरबाईंनी पुढून विचारलं. “पिल्ल्याचं कोणी म्हटलंच नाही!”

तो शेजारी वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्या चेहऱ्याकडे आशेने बघत, त्याने आपल्याकडे एकदा तरी बघावं म्हणून.

खिडकीतल्याने कपाळ काचेला टेकवलं होतं. बाहेर पार्किंगमध्ये एक चिमणी होती.

“आहे,” तो काचेला म्हणाला.